साहेब झालेला सभासद

नाशिक रोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्राचा छापखाना कुणाला आठवत नाही. प्रेस म्हणजे टपाल तिकिटं, मुद्रांक आणि पासपोर्ट छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस, आणि जवळचीच नोटांची करन्सी नोट प्रेस. पहिली १९२५ची, दुसरी १९२८ची. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढं सांगितलं की इथल्या लग्नाच्या बैठकीत एके काळी निम्मं काम व्हायचं. तो प्रेसमध्ये नक्की काय करतो हा प्रश्न पानसुपारीनंतरचा.

हल्ली त्या प्रश्नाचं उत्तर एका अक्षरात मिळतं. २००६ साली या दोन्ही प्रेस अर्थ मंत्रालयाच्या थेट कारभारातून निघून चार टांकसाळी, चार छापखाने आणि होशंगाबादची कागद गिरणी अशा नऊ युनिटांच्या सरकारी कंपनीत गेल्या. कंपनी आली तशी श्रेण्यांची अक्षरं आली. भरतीच्या जाहिरातीत ज्युनिअर टेक्निशियनपुढे ‘डब्ल्यू-१’ असतं, सुपरवायझरपुढे ‘एस-१’, आणि व्यवस्थापकांच्या पदांपुढे ‘ई’. डब्ल्यू म्हणजे वर्कमन, कामगार. एस म्हणजे देखरेख करणारा. ई म्हणजे एक्झिक्युटिव्ह, बोलीत साहेब. हे प्रकरण विमान कंपन्यांबद्दल आहे. तरी सुरुवात प्रेसपासून केली, कारण डब्ल्यूतून एसमध्ये आणि एसमधून ईमध्ये जाताना माणसाचं काय होतं हे नाशिक रोडच्या गल्ल्यांनी विमानतळाआधी पाहिलेलं आहे.

आमच्या गल्लीत एक काका होते. कारखान्याचं नाव सांगत नाही, प्रेस नव्हती एवढं खरं. पंधरा वर्षं ते युनियनमध्ये होते. वर्गणीचं पावतीपुस्तक त्यांच्याकडे, द्वारसभेचा भोंगाही त्यांच्याकडे. एका दिवाळीच्या आसपास बढतीचं पत्र आलं. पेढे वाटले गेले आणि त्याच संध्याकाळी फुलस्केपच्या अर्ध्या कागदावर युनियनचा राजीनामा लिहिला गेला. खरी गंमत पुढे झाली. जत्रेनंतरच्या सोमवारी ‘पोट बिघडल्याने’ रजा कशी मागायची, तपशील किती द्यायचा आणि किती मोघम ठेवायचा, हे पोरांना त्यांनीच शिकवलेलं होतं. आता तेच अर्ज त्यांच्याच टेबलावर यायचे, त्यांच्याच शब्दांत. ते काकूंना म्हणायचे, ‘अगं, माझंच अक्षर वाचतोय असं वाटतं.’ पहिल्या महिन्याचा पगार हाती आला तेव्हा तो आधीपेक्षा कमी होता. ओव्हरटाइम बंद झाला होता.

ओव्हरटाइमचं हे गणित ज्यांनी कारखाना पाहिलेला नाही त्यांना पटत नाही. कारखाने कायदा १९४८ प्रमाणे दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर काम केलं तर दुप्पट दराने मोबदला द्यावा लागायचा. समजा एखाद्याचा तासाचा दर २०० रुपये आहे आणि तो महिन्यातले वीस दिवस रोज दोन तास जादा थांबला. चाळीस तासांचे ४०० रुपयांनी १६,००० झाले. बढतीने मूळ पगार तीनचार हजारांनी वाढला आणि जादा कामाचा हक्क गेला, तर साहेब होण्याची किंमत साहेबानेच भरलेली असते. बढती नाकारणारे कामगार मूर्ख नसतात, त्यांना बेरीज येत असते.

पण काकांच्या हातून ओव्हरटाइमपेक्षा मोठं काहीतरी निसटलं होतं, आणि ते त्यांना त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. ते समजायला औद्योगिक विवाद कायदा, १९४७ उघडावा लागतो. त्याच्या कलम २मध्ये ‘कामगार’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या होती. अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा तो कामगार. मग अपवाद सुरू होतात. मुख्यत्वे व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा कामगार नाही. आणि देखरेख करणारा असेल तर ठरावीक पगारापुढे तोही नाही. ही मर्यादा १९५६च्या दुरुस्तीत ५०० रुपये होती, १९८४पासून १,६०० झाली, २०१०मध्ये १०,०००. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे.

इथे एक मौज आहे. पगाराची मर्यादा फक्त देखरेख करणाऱ्याला लागते. हाताने किंवा डोक्याने तांत्रिक काम करणाऱ्याला ती नाही. म्हणजे नव्या संहितेखाली १८,५०० रुपयांवरचा सुपरवायझर कामगार राहत नाही, आणि महिना काही लाख मिळवणारा वैमानिक मात्र ‘मी विमान चालवतो, माणसं चालवत नाही’ असं म्हणून कामगार असल्याचा दावा करू शकतो. वैमानिकांच्या संघटना इतकी वर्षं कामगार कायद्याच्या भाषेत भांडत आल्या त्या याच जोरावर. कंपन्यांचं म्हणणं उलटं. कप्तानाच्या हाताखाली सहवैमानिक असतो, मागे सगळा केबिन क्रू असतो, मग ही देखरेख नाही तर काय?

न्यायालयं अशा वेळी पाटी वाचत नाहीत, काम बघतात. सिबा-गायगी कंपनीविरुद्धच्या १९८५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. माणसाला ज्या मुख्य कामासाठी ठेवलंय ते बघा, वरून चिकटवलेली चार जादा कामं आणि भारदस्त पदनाम बाजूला ठेवा. हा निकाल मला फार शहाणा वाटतो. ‘असिस्टंट’, ‘ऑफिसर’, ‘टीम लीडर’ अशी पदं वाटून माणसाला कायद्याबाहेर काढणं स्वस्त असतं, कारण पदनामाला कागदाखेरीज खर्च नाही.

आता विमान कंपनीकडे येऊ. साबणाच्या कंपनीला विक्रीप्रमुख बाहेरून आणता येतो. विमान कंपनीला उड्डाणप्रमुख तसा आणता येत नाही. उड्डाण, देखभाल, प्रशिक्षण, सुरक्षितता या खात्यांवर डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, मान्य होणारा माणूस लागतो, आणि उड्डाणाच्या खात्यावर तो वैमानिकच लागतो, देखभालीला विमान अभियांत्रिकी कळणाराच लागतो. म्हणजे व्यवस्थापनाच्या खुर्च्या ज्या रांगेतून भरायच्या ती रांग बहुतेक संघटनेच्या सभासदांचीच असते. शिवाय वैमानिक साहेब झाला तरी कॉकपिट सुटत नाही. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. म्हणून आठवडाभर रोस्टर लावणारा, मेमो काढणारा माणूस शनिवारी त्याच रोस्टरमध्ये एका सहवैमानिकाशेजारी बसलेला असतो. एअर इंडियात अशांना ‘कार्यकारी वैमानिक’ म्हणत.

या शब्दाचं वजन संपात कळतं. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण दोन्हीकडचे पगार आणि बढत्या एक झाल्या नाहीत. एप्रिल २०११च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्या वैमानिकांच्या संघटनेने, आयसीपीएने, समान वेतनासाठी संप केला. तो दहा दिवस चालला. संघटनेची मान्यता काढली गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात पाळी उलटली. मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड उभी राहिली. नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण दुसऱ्या गटाला मिळणार, हे त्यांना मान्य नव्हतं. सुरुवात कशी झाली? वैमानिकांनी एकामागोमाग एक आजारी असल्याचं कळवलं. हे वाचताना मला आमचे काका आणि त्यांची सोमवारची पोटदुखी आठवल्याशिवाय राहिली नाही. तो संप ५८ दिवस चालला. शंभरावर वैमानिकांना बडतर्फ केलं गेलं. दोन्ही वेळा थोडीफार विमानं उडत राहिली त्यात कार्यकारी वैमानिकांचा वाटा होता. संपकऱ्यांच्या नजरेत हे लोक फितूर, कंपनीच्या नजरेत आधार. माझ्या मते ते दोन्ही नव्हते. नेमणूकपत्रावर सही करताना त्यांनी संपाचा हक्क देऊन टाकलेला होता, आणि दिलेली वस्तू ऐन वेळी परत मागायची सोय नव्हती.

केबिनमधली कथा याहून गुंतागुंतीची, आणि मला जास्त बोलकी वाटते. एअर इंडियात हवाई सुंदरी आणि पुरुष पर्सर यांच्या वेगळ्या शिड्या होत्या. १९८१च्या नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणी नोकरी घालवण्याचा नियम रद्द केला, पण ३५व्या वर्षी निवृत्तीचं मूळ वय उचलून धरलं. पुढे हे वय करारांमधून आणि सरकारी निर्देशांमधून वाढत गेलं, पण विमानात उडण्याची मर्यादा स्त्रियांना ५० आणि पुरुषांना ५८ अशी उरली. २००३मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात सुटला तेव्हा त्यात एक नाजूक प्रश्न होता. संघटनेने कंपनीशी केलेले करार कामगारांना बांधतात. मग ज्या हवाई सुंदरी बढती घेऊन कार्यकारी श्रेणीत गेल्या, त्या ‘कामगार’ उरल्या का, आणि जुना करार त्यांच्या मानेवर बसतो का? न्यायमूर्ती धर्माधिकारी यांनी लिहिलेल्या त्या निकालात न्यायालयाने एअर इंडियाचं म्हणणं स्वीकारलं. स्त्रियांना ५०व्या वर्षी उड्डाणातून उतरवणं वैध ठरलं. दोन विमान कंपन्यांच्या एकत्रीकरणातल्या पगार-बढत्यांचा गुंता सोडवण्यासाठी पुढे जी समिती नेमली गेली, तिचे प्रमुखही हेच धर्माधिकारी होते.

त्यानंतर आणखी एक भांडण झालं. विमानातला ‘इन-फ्लाइट सुपरवायझर’ हा मान पुरुषांचाच होता. डिसेंबर २००५मध्ये एअर इंडियाने तो स्त्रियांनाही खुला केला, तेव्हा जुन्या पुरुष क्रूने कोर्टात धाव घेतली. एक स्त्री आपल्यावर देखरेख करणार हे त्यांना रुचलं नव्हतं, हे न्यायालयीन भाषेतूनही लपत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं आणि नोव्हेंबर २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सुपरवायझर हे पद नाही, त्या उड्डाणापुरतं काम आहे, असा तर्क होता. देखरेख नावाची गोष्ट किती पातळ असू शकते ते इथे दिसतं. मुंबईहून विमान सुटताना ती अंगावर येते, न्यूयॉर्कला उतरताना संपते.

मालकाच्या हातातलं जुनं हत्यारही कायद्याने ओळखून ठेवलं आहे. अनुचित कामगार प्रथांची यादी आहे, १९८२च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आलेली, नव्या संहितेतही राहिलेली. युनियनचं काम करतो म्हणून बढती नाकारणं हा त्यातला एक गुन्हा. आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत, लायकी नसताना बढती देऊन कामगारांत फूट पाडणं किंवा युनियन खिळखिळी करणं हा दुसरा. महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना मान्यता कायद्यातही हीच जोडी आहे, पण विमान वाहतूक आणि प्रेस केंद्राच्या अखत्यारीत असल्याने तिथे केंद्राचाच कायदा चालतो. बढती न देणं वाईट आणि देणंही वाईट, असं म्हणणारा कायदा वेडा वाटेल. पण द्वारसभेत ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्याला अचानक केबिन मिळाल्याचं ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही दुसरी ओळ कुणी आणि का लिहिली हे विचारावं लागत नाही.

उलट दिशेचा प्रवास आपल्याकडे फार आधी झालेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे माल मोजून देणारे, गिरणीच्या कचेरीच्या बाजूचे. ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र हाती घेतल्यावर ते कामगारांकडे आले, १८८४मध्ये परळला सभा भरवल्या आणि १८९०मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. हिशेबाची वही आतून पाहिलेला माणूस मागणी नेमकी करतो. साहेब झालेला सभासद नेमक्या याच कारणासाठी मालकाला हवा असतो, फक्त दिशा बदलून.

सभासदाला थेट संचालक मंडळावर बसवण्याचा प्रयोग अमेरिकेत एका विमान कंपनीने केला. ईस्टर्न एअरलाइन्स बुडायला लागली तेव्हा १९८३च्या शेवटी कामगारांनी पगारकपात सोसली आणि बदल्यात सुमारे २५ टक्के शेअर आणि संचालक मंडळावर जागा घेतल्या. यंत्रकामगारांचे नेते चार्ल्स ब्रायन स्वतः संचालक झाले. बैठकीत मालक, गेटवर पुढारी. १९८६मध्ये कंपनीने पुन्हा कपात मागितली, ब्रायन अडले आणि कंपनी फ्रँक लोरेंझो या संघटनांच्या कट्टर विरोधकाच्या हाती गेली. १९८९मध्ये संप, जानेवारी १९९१मध्ये टाळं. दोष ब्रायन यांचा की व्यवस्थापनाचा, यावर अमेरिकेत अजून वाद घालतात. मला त्यांची एक अडचण खरी वाटते. संचालक म्हणून जे ऐकलं ते द्वारसभेत सांगता येत नाही, आणि द्वारसभेत जे ठरलं ते बैठकीत गिळता येत नाही.

आपल्याकडे साहेब झालेल्याची अडचण वेगळी आहे. त्याला तक्रार करायला जागा राहत नाही. कामगाराला काढलं तर कामगार कायद्याखाली दाद मागता येते, कामावर परत घेण्याचा आदेश मिळू शकतो. अधिकाऱ्याला तो दरवाजा बंद. तो दिवाणी न्यायालयात गेला तर बहुधा नुकसानभरपाईपलीकडे काही हाती लागत नाही. सरकारी कंपनी असेल तर मात्र उच्च न्यायालयात रिट करता येतं, आणि सरकारी कंपन्यांतले अधिकारी हाच काय तो आधार मानत आले. एअर इंडियातल्या काही कर्मचाऱ्यांनी पगार एका जागी अडकल्याच्या आणि बढती न मिळाल्याच्या तक्रारी घेऊन २०११ ते २०१३च्या दरम्यान मुंबई उच्च न्यायालयात अशाच याचिका केल्या होत्या. याचिका पडून राहिल्या. २७ जानेवारी २०२२ला एअर इंडिया टाटांकडे गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं की कंपनी आता सरकारी उरलेली नाही, तेव्हा रिट चालणार नाही. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. तक्रार तीच, माणसं तीच. मधे मालक बदलला.

नाशिकला हे आकाशातलं वाटायला नको. ओझरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४पासून आहे, आधी मिग, मग सुखोई. १४ ऑक्टोबर २०१९ला एचएएलच्या देशभरातल्या कामगारांनी बेमुदत संप केला, ओझरसह. अधिकाऱ्यांना दिलेल्या वाढीच्या मानाने आम्हाला कमी मिळतंय, ही तक्रार त्याच्या मुळाशी होती. अधिकारी त्या दिवसांतही आत जात होते. ज्यांचे बाप कामगार म्हणून लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले अशी घरं नाशिकमध्ये कमी नाहीत. त्या आठवड्यात अशा घरांत जेवताना कुठला विषय काढायचा नाही, हे सगळ्यांना न सांगता कळत असणार.

काकांचं शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. ते निवृत्त झाले, आणि निरोपाच्या कार्यक्रमाला व्यवस्थापनाचे चार आणि जुन्या पाळीतले चाळीस जण आले. पुढे युनियनने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मी चालतो का?’ कामगार संघटना कायद्याच्या कलम २२ला २००१मध्ये जोडलेल्या स्पष्टीकरणात उत्तर होतं. पदाधिकाऱ्यांत बाहेरचे किती असावेत यावर त्या कलमात बंधन होतं, पण निवृत्त किंवा कपातीत गेलेला कर्मचारी ‘बाहेरचा’ धरायचा नाही, असं तिथे लिहिलं होतं. बढती मिळालेल्याचं नाव त्या स्पष्टीकरणात नव्हतं.